गाणे शिकवले कुणी?

गेल्या नाताळाच्या सुट्टीत जेऊरला आम्ही मुलांना ‘द साउंड ऑफ म्युझिक’ हा चित्रपट दाखविला. भिंतीवर पांढरी चादर ताणली होती, प्रोजेक्टर उसना आणला होता आणि चित्रपटाची भाषा होती इंग्रजी. जवळजवळ तीन तास ही मुले कशी बसणार, याची आम्हांस धास्ती होती. मध्येच थांबवून मराठीत कथा सांगण्याची तयारीही ठेवली होती. ती वेळ आली नाही. बोलणे चालू असले की मुले थोडी चुळबुळत आणि गाणे सुरू झाले की स्तब्ध होत. गाण्यात काय म्हटले आहे हे त्यांना कळत होते अशातला भाग नाही. परंतु गाणे का सुरू झाले, हे मात्र बरोबर कळत होते. चित्रपट संपल्यावर सहावीतील एका मुलीने विचारले, “फादर, ह्या सगळ्यांना एकदम गाणं कसं येतं? शिकवलं कुणी?”

आम्ही म्हणालो, “मारियाने शिकवले नाही का? डोंगरावर बसून?”

“ते मुलांना. पण मारियाला कुणी शिकवलं? आणि त्या सिस्टरांना?”

ह्या प्रश्नाने आम्हांस पुष्कळ दिवस सोडले नाही. हा लेख त्यातूनच निघाला आहे.

हॉलिवूडच्या जुन्या संगीतपटांची मोहिनी अजून ओसरलेली नाही, हे निराळे सांगावयास नको. ‘सिंगिंग इन द रेन’ १९५२ चा, ‘माय फेअर लेडी’ १९६४ चा, ‘साउंड ऑफ म्युझिक’ १९६५ चा. ज्यांचे आजोबा तेव्हा तरुण होते, ती मुले आज हे चित्रपट पाहतात आणि गुणगुणत उठतात. पाश्चात्त्य टीकाकारांना एक गोष्ट नेहमी खटकत आली आहे : भर संभाषणात माणूस एकाएकी गाऊ कसा लागतो? मराठी प्रेक्षकाला हा प्रश्न पडत नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ १८८० साली रंगभूमीवर आले, तेव्हापासून नायिकेने दोन वाक्ये बोलून पद सुरू करावे आणि प्रेक्षकांनी ‘वन्स मोअर’ची मागणी करून कथा जागच्या जागी थांबवावी, हे आमच्या अंगवळणी पडले आहे. त्याही आधी कीर्तनकार निरूपण करता करता अभंगावर येत होताच. आणि आम्ही कॅथलिक मंडळी तर दर रविवारी हेच करतो. मिस्सेत धर्मगुरू बोलत असतो, बोलता बोलता तो गाऊ लागतो, लोक गाऊन उत्तर देतात आणि ह्यात कुणालाच काही विचित्र वाटत नाही. शब्द जिथे अपुरा पडतो तिथे सूर पुढे होतो, ही जाण ज्या समाजापाशी आहे त्याला संगीतपट परका वाटण्याचे कारण नाही.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. ‘साउंड ऑफ म्युझिक’मध्ये मारिया मुलांना ‘डो-रे-मी’ शिकविते. हे ‘डो-रे-मी’ आले कोठून? अकराव्या शतकात इटलीत ग्वीदो नावाचा एक बेनेडिक्टाइन मठवासी होऊन गेला. गायकवृंदातील मुलांना स्तोत्रे पाठ करण्यास वर्षानुवर्षे लागतात, हे पाहून त्याने एक युक्ती काढली. बाप्तिस्मा करणाऱ्या संत योहानाच्या एका लॅटिन स्तोत्राची प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक सूर वर चढते. त्या ओळींची आद्याक्षरे त्याने सुरांना नावे म्हणून दिली : उत्, रे, मी, फा, सोल, ला. पुढे ‘उत्’चा ‘डो’ झाला. चित्रपटातील मारियाचा नोनबर्ग मठही बेनेडिक्टाइन भगिनींचाच आहे. म्हणजे मारियाला कुणी शिकविले, याचे उत्तर मठातच सापडते. चित्रपट मात्र ते सांगत नाही. मठात ती शिस्त मोडणारी, जिन्यावर शीळ घालणारी पोर आहे आणि गाणे तिला जणू डोंगरावरच्या वाऱ्याने दिले आहे.

खऱ्या ट्रॅप कुटुंबाची हकीगत ह्याहून उद्बोधक आहे. मारिया त्या घरी आली ती सर्व मुलांची शिक्षिका म्हणून नव्हे, तर एका आजारी मुलीला शिकविण्यासाठी. तिच्या येण्यापूर्वीही त्या घरात संगीत होते. कप्तानाशी तिचा विवाह १९२७ साली झाला. १९३८ मध्ये ते देश सोडून गेले ते डोंगर ओलांडून नव्हे, तर चक्क आगगाडीत बसून इटलीला. ह्या फेरफारांबद्दल आमची फारशी तक्रार नाही. कथेला शेवटी डोंगर हवा होता, त्यांनी तो दिला. आगगाडीच्या डब्यात बसलेले कुटुंब पाहून कुणाचा ऊर भरून आला असता? (जेऊर हे स्टेशनाचे गाव. गाडीत बसण्यात आमच्या मुलांना काय नवल!) तक्रार आहे ती दुसऱ्याच गोष्टीची. ह्या कुटुंबाला खरोखर गायकवृंद बनविले ते फादर फ्रान्झ वास्नर ह्या धर्मगुरूने. त्यांनी त्या मुलांचे आवाज घडविले, गीतांच्या रचना बसविल्या, कुटुंबाबरोबर अमेरिकेला जाऊन वर्षानुवर्षे त्यांच्या कार्यक्रमांचे संचालन केले. पुढे ते फिजी बेटांवर मिशनकार्यासाठी गेले आणि १९९२ साली त्यांचे देहावसान झाले. चित्रपटात ते कुठेच नाहीत. त्यांच्या जागी मॅक्स नावाचा एक खुशालचेंडू, कार्यक्रम ठरविणारा दलाल आहे.

धर्मगुरूने धर्मगुरूची कड घेतली, असे वाचक म्हणतील. म्हणोत. परंतु ही गोष्ट एका फादरपुरती नाही. संगीतपटाची मोहिनीच अशी आहे की गाणे ओठांवर आपोआप उमलले असे वाटले पाहिजे. शिकविणारा दिसला की ते ‘आपोआप’ संपते. म्हणून त्याला चौकटीबाहेर ठेवतात. ह्याच चित्रपटात कप्तान गातो तो आवाज क्रिस्तोफर प्लमर यांचा नाही, बिल ली नावाच्या गायकाचा आहे. उत्सवाच्या रंगमंचावर निरोपाचे गीत गाताना कप्तानाचा कंठ दाटून येतो, मारिया सूर उचलते, मग सारे श्रोते त्यात मिसळतात. आमच्या मते चित्रपटातील हा सर्वोत्तम प्रसंग होय. बाकी पुष्कळसा चित्रपट गोडाने ओथंबलेला आहे आणि विवाहानंतर तो घाईघाईने आटोपतो. पण येथे एका माणसाचे गाणे सर्वांचे होते आणि सत्तेपुढे गप्प बसलेले लोक गाण्याच्या आडून बोलतात. पुष्कळांना ते गीत ऑस्ट्रियाचे जुने लोकगीत वाटते. ते ऑस्कर हॅमरस्टाइन यांनी लिहिलेले अखेरचे गीत होय. १९६० मध्ये ते निवर्तले. मठाध्यक्षा गातात तो आवाजही पेगी वूड यांचा नाही, मार्जरी मॅके यांचा. आणि मठातील भगिनींच्या घोळक्यात सिस्टर सोफिया म्हणून जी बाई दिसते ती मार्नी निक्सन. ‘द किंग अँड आय’मध्ये डेबोरा कर यांच्यासाठी, ‘वेस्ट साइड स्टोरी’त नॅटली वूड यांच्यासाठी आणि ‘माय फेअर लेडी’त ऑड्री हेपबर्न यांच्यासाठी तीच गायिली होती. इतकी वर्षे ऐकू येणारी, पण न दिसणारी ही बाई अखेर पडद्यावर दिसली ती धर्मभगिनीच्या झग्यात!

‘सिंगिंग इन द रेन’ची तर कथाच ह्या लपवाछपवीवर उभी आहे. बोलपट आला, नटीचा आवाज कर्कश, म्हणून पडद्यामागून दुसरी मुलगी गाते आणि शेवटी पडदा ओढून खरी गायिका लोकांना दाखविली जाते. न्याय झाला, असे वाटून आपण टाळ्या वाजवितो. पण ती खरी गायिका झालेल्या डेबी रेनल्ड्स यांच्याही काही गाण्याला बेटी नॉइस हिचा आवाज आहे. पडद्यामागे आणखी एक पडदा.

हे सारे हॉलिवूडचे झाले. आमच्या घरचे काय?

भगवानदादांचा ‘अलबेला’ १९५१ साली आला. नाटकवेड्या गरीब तरुणाची ही गोष्ट म्हणजे अस्सल संगीतपट. संगीत सी. रामचंद्रांचे, हे चितळकर आपल्या पुणतांब्याचे. मराठी माणसांनी उभा केलेला हा चित्रपट सर्व देशाने डोक्यावर घेतला. त्यात जो नवा, उसळता, पाश्चात्त्य ताल होता तो वाजविणारे हात कुणाचे? ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट म्हणजे हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ. हे एकच उदाहरण नाही. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांमागील वाद्यमेळाची रचना वर्षानुवर्षे सबास्टियन डिसोझा यांनी केली. फ्रँक फर्नांड यांनी कित्येक संगीतकारांसाठी तेच केले आणि नंतर ‘आमचें नशीब’ (१९६३) व ‘निर्मोण’ (१९६६) हे कोंकणी चित्रपट काढले. संगीतकार पेटीवर चाल बांधी. ती पाश्चात्त्य स्वरलिपीत उतरवून, कोणत्या ओळीपाशी व्हायोलिनने काय करावे, चेलोने कुठे थांबावे, हे वीस-तीस कागदांवर लिहून वाटण्याचे काम हे संयोजक करीत. समोर कागद ठेवला की पाहता पाहता वाजविणारे वादक मुंबईत हवे होते, आणि ते मोठ्या संख्येने गोव्याहून आले. कारण पोर्तुगीज अमदानीत तेथील धर्मग्रामांच्या शाळांत ‘मेस्त्रे’ म्हणजे चर्चचा गायनगुरू मुलांना सूर, स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवीत असे. हेतू एवढाच की रविवारच्या मिस्सेला गायकवृंद असावा. ग्वीदोची ती युक्ती अशी गोव्याच्या खेड्यांतून हिंदी चित्रपटापर्यंत पोहोचली.

त्यांची नावे मात्र श्रेयनामावलीत क्वचितच आली. ‘महल’च्या (१९४९) ध्वनिमुद्रिकेवर प्रत्यक्ष लता मंगेशकरांचे नाव नव्हते, पात्राचे नाव होते; पुढे श्रोत्यांनी विचारणा केली आणि गायकांना नाव मिळाले. वादकांसाठी विचारणा कुणी केली नाही. २००८ साली ग्रेगरी बूथ ह्या अभ्यासकाने मुंबईच्या स्टुडिओंतील वादकांवर ग्रंथ लिहिला. त्याचे नावच ‘बिहाइंड द कर्टन’, पडद्यामागे.

पडद्यावर आमचा समाज कसा दिसला, हेही येथे सांगितले पाहिजे. ‘अनाडी’तील (१९५९) ललिता पवारांची मिसेस डीसा सोडली, तर बहुधा दारू पिणारा, नाहीतर दारू विकणारा. ‘अमर अकबर अँथनी’तील (१९७७) अँथनी देवभोळा खरा, फादरने वाढविलेला खरा, पण गुत्ता चालवितो. ईस्टरच्या मेजवानीत भल्यामोठ्या अंड्यातून बाहेर पडून तो आपले संपूर्ण नाव गाऊन सांगतो, आणि सारे थिएटर हसते. ते नाव एका खऱ्या माणसाचे आहे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे व्हायोलिनवादक, संयोजक आणि प्यारेलाल यांचे गुरू. १९५८ मध्ये त्यांनी मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात भारतीय रागांवर आधारलेल्या रचना मोठ्या वाद्यवृंदाकडून सादर करविल्या. शिष्याने गुरूचे नाव गाण्यात घातले, ही कृतज्ञताच; परंतु नाव पोहोचले आणि माणूस मागेच राहिला. २०१२ साली ते गेले, तोवर हे नाव कुणी कल्पनेने रचले असेल असेच बहुतेकांना वाटत होते. आम्हांसही.

हॉलिवूडला आणि मुंबईला बोल लावणे सोपे आहे. सेमिनरीतून नुकतेच बाहेर पडलो होतो, तेव्हाची गोष्ट. आमच्या पहिल्या धर्मग्रामात एक वृद्ध गृहस्थ गायकवृंद सांभाळीत. तरुणपणी ते स्टुडिओत व्हायोलिन वाजवून आले होते. ख्रिस्तप्रसादानंतरच्या शांततेत ते हार्मोनियमवर काहीतरी हळुवार वाजवीत. एकदा त्यात आम्हांस एका चित्रपटगीताची सावली ऐकू आली. वस्त्रागारात बोलावून आम्ही त्यांना उपासनेतील पवित्र संगीताविषयी धर्मपरिषदेचे म्हणणे सविस्तर ऐकविले. त्यांनी ऐकून घेतले. जाताना एवढेच म्हणाले, “फादर, तिकडे जे वाजवलं ते मी देवळातच शिकलो होतो.” नियम आम्हीच बरोबर सांगितला होता, आजही तोच सांगू. पण त्या वर्षीच्या सणाला आम्ही मंडपवाल्याचे, लाउडस्पीकरवाल्याचे, फुले देणाऱ्यांचे नाव घेऊन आभार मानले आणि ‘आपला गायकवृंद’ एवढे म्हणून पुढे सरकलो. पुढच्या नाताळाला हार्मोनियमवर दुसरेच कुणी बसले होते.

जानेवारीत त्याच चादरीवर मुलांना ‘अलबेला’तील गाणी दाखविली. भगवानदादांचा तो मोजक्या हालचालींचा, चालता चालता केलेला नाच पाहून मुले खदखदून हसली आणि दुसऱ्या मिनिटाला तसेच नाचू लागली. ती सहावीतील मुलगी मात्र बसून होती. वाद्यवृंद दिसू लागला तसा तिने हात वर केला.

“फादर, तो ट्रम्पेटवाला कोण?”

या वेळी आम्हांस नाव सांगता आले. मग तिने त्याच्या शेजारच्याचे विचारले.