मायकेल फूट : संसदेचा भक्त आणि आणीबाणीचा अपवाद

ब्रिटनच्या मजूर पक्षाचे नेते मायकेल फूट यांची आठवण निघते ती बहुधा पराभवाच्या संदर्भात. १९८० ते १९८३ ते पक्षनेते होते. १९८३च्या निवडणुकीत पक्षाला २७.६ टक्के मतं आणि २०९ जागा मिळाल्या. एकतर्फी अण्वस्त्रत्याग, युरोपीय आर्थिक समुदायातून बाहेर पडणं, उद्योगांवर राज्याची मालकी, असा तो जाहीरनामा होता. त्यांच्याच पक्षाचे जेराल्ड कॉफमन त्याला ‘इतिहासातली सर्वांत लांबलचक आत्महत्येची चिठ्ठी’ म्हणाले. शेरा इतका चटकदार, की पुढे विचार तपासायचे कष्ट कुणी घेत नाही. पण निवडणूक हरली म्हणून विचार चुकीचा ठरत नाही, आणि जिंकली म्हणून बरोबरही ठरत नाही. तपासणी वेगळ्या कसोटीवर व्हायला हवी.

फूट यांच्या विचाराचा गाभा कोणता? माझ्या मते तो राष्ट्रीयीकरणात नाही, संसदेवरच्या श्रद्धेत आहे. तीन प्रसंग बघा. १९६९ साली त्यांच्याच पक्षाच्या सरकारने उमरावांच्या सभागृहाच्या सुधारणेचं विधेयक आणलं. त्यातून पंतप्रधानाच्या हाती नेमणुकांची खिरापत येणार, म्हणून फूट यांनी उजव्या टोकाच्या इनॉक पॉवेल यांच्या जोडीने ते अडवून धरलं. सरकारला ते मागे घ्यावं लागलं. १९७५च्या सार्वमतात त्यांनी युरोपीय समुदायाला विरोध केला, कारण कायदा करण्याचा अधिकार वेस्टमिन्स्टरबाहेर जात होता. आणि ३ एप्रिल १९८२! अर्जेंटिनाच्या लष्करी राजवटीने फॉकलंड बेटं घेतली, तेव्हा अण्वस्त्रविरोधी चळवळीचा हा संस्थापक-सदस्य सभागृहात उभा राहिला आणि बेटवासीयांच्या हक्कांसाठी कडाडून बोलला. पुष्कळांना ती विसंगती वाटली. मला नाही वाटत. हिटलरपुढे नमतं घेणाऱ्या सत्ताधाऱ्यांवर १९४० साली ‘गिल्टी मेन’ हे पुस्तक लिहिणाऱ्या तिघांपैकी ते एक होते. हुकूमशहापुढे झुकायचं नाही, हे सूत्र तेव्हापासूनचं.

आता अडचण इथे येते. हे सूत्र आपल्या देशाच्या बाबतीत तुटलं. जून १९७५ मध्ये आणीबाणी आली. वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसला, विरोधी पक्षांचे खासदार मिसाखाली तुरुंगात गेले. त्या काळात फूट ब्रिटिश मंत्रिमंडळात होते. १९७६पासून तर कॉमन्स सभागृहाचे नेते, म्हणजे सभागृहाचं कामकाज सांभाळणारे मंत्री. ते भारतात आले, इंदिरा गांधींना भेटले आणि उघडपणे त्यांची बाजू घेतली.

असं का झालं असावं? फूट हे भारताचे जुने मित्र. तिसाव्या दशकात कृष्ण मेनन यांच्या इंडिया लीगमधून ते आपल्या स्वातंत्र्यासाठी काम करत होते. नेहरूंविषयी त्यांना अपार आदर होता. वसाहतवादी इंग्रजाच्या तोंडून भारताला उपदेश नको, हा संकोचही असेल. हे सगळं मी समजू शकतो. पण मैत्री नेमकी कोणाशी होती, हा प्रश्न उरतोच. भारताशी, की भारतावर राज्य करणाऱ्या घराण्याशी? तुरुंगात असलेले लोकही भारतच होते. जॉर्ज फर्नांडिस यांच्यासाठी विली ब्रांट यांच्यासारख्या युरोपीय समाजवाद्यांनी आवाज उठवला. म्हणजे बाहेरून दिसत नव्हतं, अशातला भाग नाही.

इथे तुलना सुचते ती आपल्या मधु लिमयांची. पुण्यात जन्मलेला, बिहारमधून निवडून गेलेला हा समाजवादी फूट यांच्याइतकाच संसदीय नियमांचा जाणकार. १९७१ साली पाच वर्षांसाठी निवडलेल्या लोकसभेची मुदत १९७६ साली वाढवली गेली, तेव्हा लिमये तुरुंगात होते. त्यांनी तिथूनच सदस्यत्वाचा राजीनामा दिला. शरद यादवांनीही दिला. युक्तिवाद साधा : लोकांनी पाच वर्षं दिली होती, सहावं वर्ष आमचं नाही.

तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही कांट शिकवताना सांगायचो, की जो नियम तुम्ही सर्वांना लावू शकत नाही, तो नियम नव्हे, ती तुमची आवड. वेस्टमिन्स्टरच्या चौकटीत फूट यांची संसदनिष्ठा निखळ होती, यात शंका नाही. नेमणुकांच्या खिरापतीने संसद दुबळी होते हे ज्यांना कळत होतं, त्यांना खासदार तुरुंगात टाकल्याने ती काय होते हे कळायला हवं होतं. माझी टीका ते डावे होते म्हणून नाही. आपली सर्वांत चांगली कल्पना त्यांनी मित्राच्या दारात बाहेर ठेवली, म्हणून आहे.

डाव्यांनी, उजव्यांनी, सगळ्यांनीच ही कसोटी स्वतःला लावून बघावी. परक्या देशातला आपल्या आवडीचा नेता विरोधकांना कोंडतो, तेव्हा आपण काय बोलतो? आपल्या तत्त्वाची खरी किंमत तिथे कळते.