सूर्यबिंब, चंद्रबिंब आणि वैनगंगेचा काठ : छायाचित्रण-तंत्राची चिकित्सा

प्रस्तावना

सूर्योदय, सूर्यास्त व चंद्र हे हौशी छायाचित्रकारांचे आवडते विषय होत. वैनगंगेचे पात्र आणि जुने मालगुजारी तलाव यांमुळे भंडारा जिल्ह्यात अशा छायाचित्रांसाठी जागांची उणीव नाही. तथापि यांपैकी अनेक छायाचित्रांत केशरी आकाश व त्यापुढील काळी आकृती एवढेच शिल्लक राहते. ठिकाण ओळखू येत नाही. हा केवळ अभिरुचीचा दोष मानला जातो. वस्तुतः त्याचे मूळ तांत्रिक निर्णयांत आहे.

तंत्रविचार

पहिला निर्णय जागेचा. भंडारा शहर वैनगंगेच्या पश्चिम तीरावर, तर कारधा पूर्व तीरावर आहे. त्यामुळे पाण्यावरील सूर्योदय शहराच्या बाजूने व सूर्यास्त कारध्याहून टिपता येतो. या अक्षांशावर (सुमारे २१ अंश उत्तर) उगवतीची जागा वर्षभरात पूर्वेच्या दोन्ही बाजूंस सुमारे २५ अंशांपर्यंत सरकते. म्हणजे जूनमधील चौकट डिसेंबरमध्ये उपयोगी पडत नाही. विषुवदिनाच्या सुमारास क्षितिजाला टेकलेले सूर्यबिंब सव्वादोन मिनिटांत दिसेनासे होते. विचार त्याआधीच झालेला असावा लागतो.

दुसरा निर्णय आकाराचा. सूर्य व चंद्र दोघांचाही कोनीय व्यास सुमारे अर्धा अंश असतो. परिणामी कॅमेऱ्यातील बिंबाची प्रतिमा भिंगाच्या नाभीय अंतराच्या सुमारे एकशेदहाव्या भागाएवढी पडते : ५० मिलिमीटर भिंगाने अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान, ४०० मिलिमीटरने साडेतीन मिलिमीटरहून थोडी मोठी. एक किलोमीटरवरील नऊ मीटर उंचीची वस्तू बिंबाएवढी दिसते. म्हणून पुलाच्या खांबाशेजारी मोठे बिंब हवे असल्यास छायाचित्रकाराने पुलापासून दूर जावे. मात्र अशा भिंगातून तळपत्या सूर्याकडे प्रत्यक्ष डोळ्याने पाहणे दृष्टीस घातक होय.

तिसरा व निर्णायक मुद्दा एक्स्पोजरचा. सूर्याजवळील आकाशावर प्रकाशमापन केल्यास काठ काळा पडतो. काठावर केल्यास आकाश पांढरे पडते. ग्रॅज्युएटेड फिल्टर किंवा वेगवेगळ्या एक्स्पोजरची जोडणी हे त्यावरील उपाय होत. चंद्राच्या बाबतीत वेगळी फसगत होते. रात्र असली तरी चंद्रपृष्ठ सूर्यप्रकाशात उजळलेले असते. उंचावरील पूर्णचंद्रास एफ/११, आयएसओ १०० व सेकंदाचा शंभरावा भाग एवढे एक्स्पोजर साधारणतः पुरते. त्यात भूभाग मात्र अंधारात बुडतो. पौर्णिमेच्या आदल्या सायंकाळी चंद्र सामान्यतः सूर्यास्तापूर्वी उगवतो. तेव्हा चंद्र आणि भूमी एकाच चौकटीत सामावतात.

अर्थविचार

अॅन्सेल अॅडम्स यांचे १९४१ मधील 'मूनराइज, हर्नांडेझ' हे छायाचित्र या दृष्टीने अभ्यसनीय आहे. प्रकाशमापक हाताशी न सापडल्याने अॅडम्स यांनी चंद्राच्या ज्ञात तेजस्वितेवरून एक्स्पोजर ठरवले. तरीही त्या चित्राचे सामर्थ्य चंद्रात नाही. मावळत्या उन्हात उजळलेल्या दफनभूमीतील क्रूस व लहानसे गाव यांत ते आहे. चंद्र छोटा राहिला, गाव टिकले.

याउलट पवनी तालुक्यातील गोसीखुर्द जलाशयाचा विचार करावा. १९८८ मध्ये पायाभरणी झालेल्या या प्रकल्पामुळे अनेक गावे विस्थापित झाली. तेथील सूर्यास्त आकाशाच्या मापाने टिपला, की पाणी सोन्याचे होते व काठ निव्वळ काळी रेषा उरतो. बुडीत क्षेत्राचा इतिहास त्या काळ्या रेषेत लुप्त होतो. छायाकृती हे तंत्र सदोष नव्हे. परंतु कोणती गोष्ट काळी करावयाची, ही निवड निरागस नसते. स्वयंचलित मापनावर ती सोपवल्याने तिची जबाबदारी टळत नाही.

निष्कर्ष

सूर्य-चंद्राच्या छायाचित्राचे मूल्यमापन केवळ रंगांवरून करणे अपुरे आहे. प्रकाश कोणासाठी मोजला व अंधार कोणाच्या वाट्यास आला, हा प्रश्न समीक्षेने विचारणे अगत्याचे ठरते. सूर्य सर्वत्र सारखाच मावळतो. काठ मात्र प्रत्येक गावाचा वेगळा असतो.