एकाच चेहऱ्यावरची कसोटी

‘डर्मेटॉलॉजिक सर्जरी’ या नियतकालिकात २००३ साली रोडा नारिन्स आणि सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध आला. सुरकुत्या भरायला त्वचेत टोचायच्या दोन फिलरांपैकी सरस कोणतं, एवढाच त्यातला प्रश्न. एक हायलुरोनिक ॲसिडचं रेस्टिलेन, दुसरं गाईच्या कोलॅजनचं झायप्लास्ट. पण हा प्रश्न त्यांनी ज्या रीतीने सोडवला, ती रीत निरखून पाहावी अशी आहे.

अभ्यासात माणसं १३८. जागा निवडली ती नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्याकडे उतरणारी घडी. ही निवडच मला फार आवडते. घडी दोन्ही गालांवर असते, म्हणून एका बाजूला एक फिलर, दुसऱ्या बाजूला दुसरं, आणि कुठलं कुठे हे नशिबावर सोडलेलं. वय तेच, सोसलेलं ऊन तेच, हसणं-बोलणंही तेच. भिवंडीच्या निजामपुऱ्यात यंत्रमाग चालवणाऱ्याला यातली खुबी लगेच कळेल: दोन सुतांची पारख करायची तर माग एकच हवा, कारागीरही एकच.

त्याहून देखणी गोष्ट मोजणी सुरू करण्याच्या क्षणाची. सुई टोचली त्या दिवसापासून त्यांनी काळ मोजला नाही. घडी हवी तशी भरेपर्यंत दोन्ही बाजूंना पुरेसं फिलर दिलं आणि मग सहा महिने धरले. कमी भरलं म्हणून हरलं, असं म्हणायला कुणाला जागाच ठेवली नाही. घडीची खोली पाच पायऱ्यांच्या मोजपट्टीवर ठरवली. कुठल्या बाजूला काय आहे हे पारखणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं आणि रुग्णालाही. सहा महिन्यांनी ५६.९ टक्के चेहऱ्यांवर रेस्टिलेन सरस ठरलं, ९.५ टक्क्यांवर झायप्लास्ट. उरलेल्या साधारण तृतीयांश चेहऱ्यांवर बरोबरी, आणि ती बरोबरी झाकलेली नाही.

कामगिरीची परीक्षा म्हणून हा निबंध अव्वल आहे. सुरक्षिततेबद्दल मात्र तो थोडंच सांगू शकतो. १३८ जणांत एखादी इजा एकदाही दिसली नाही, तरी ती शंभरात दोघांना होत असण्याची शक्यता उरतेच. फिलर रक्तवाहिनीत शिरून त्वचा मरणं किंवा दृष्टी जाणं याहूनही कितीतरी विरळ. असे धोके फिलर बाजारात आल्यानंतरच्या नोंदींतूनच कळतात. आणि आपल्या सावळ्या कातडीचं काय? त्यासाठी २००९ साली सुसान टेलर आणि सहकाऱ्यांनी गडद त्वचेच्या १५० जणांवरचा वेगळा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींना टोचल्या जागी काळसर डाग आले, केलॉइड, म्हणजे जखमेबाहेर फुगून वाढणारा व्रण, मात्र कुणालाही झाला नाही. पहिल्या निबंधाइतकाच हा दुसरा मला मोलाचा वाटतो, कारण आपल्याकडचा पहिला प्रश्न हाच असतो.

आपल्या देशात फिलर हे कायद्याने वैद्यकीय उपकरण आहे, त्याला २०१७ चे नियम लागू होतात आणि आयात मालाच्या वेष्टनावर परवाना क्रमांक असावा लागतो. तेव्हा फिलर घ्यायचंच ठरवलं असेल, तर खोकं तुमच्यासमोर उघडायला सांगा. परवाना, बॅच नंबर आणि मुदत वाचा. रक्तवाहिनी तुंबली तर हायलुरोनिक ॲसिड विरघळवणारं हायलुरोनिडेज दवाखान्यात आहे का, हे सुई लागण्याआधी विचारा.