'त्र्याण्णव' : दयेचें मोल कोणीं द्यावें?

मराठी ऐतिहासिक कादंबरीचा वाचक आत्मबलिदानास नवखा नाहीं. हरिभाऊ आपट्यांच्या 'गड आला पण सिंह गेला' (1903) पासून शिवाजी सावंतांच्या 'छावा' (1979) पर्यंत वीरांचे मृत्यु त्यानें भरल्या डोळ्यांनीं वाचले आहेत. आमच्या माळशिरस तालुक्यांतील वाचकास तर त्यासाठीं पुस्तक उघडण्याचीही गरज नाहीं. नीरेकांठचें अकलूज जवळच आहे. 1689 च्या आरंभीं औरंगजेबाची छावणी तेथें असतांनाच संभाजीराजे पकडले गेल्याची वार्ता त्यास पोहोंचली. पुढें मार्च महिन्यांत काय घडलें, तें आमच्याकडील लहान मुलेंही जाणतात. परंतु या सर्व बलिदानांत एक गोष्ट समान आहे. मारणारा शत्रु असतो, आणि मरणाऱ्याच्या मनांत आपला पक्ष कोणता याविषयीं तिळमात्र संदेह नसतो. आतां वीराचा वध त्याच्याच पक्षानें, त्यानेंच मानलेल्या कायद्यानें आणि त्याच्याच गुरूच्या मुखानें केला, तर त्या मृत्यूस काय म्हणावें? व्हिक्टर ह्यूगोची 'त्र्याण्णव' ही कादंबरी हा प्रश्न विचारते, आणि म्हणूनच आमच्या वाचकांनीं ती एकदां तरी वाचावी असें आम्हांस वाटतें.

ही ह्यूगोची शेवटची कादंबरी. ती 1874 सालीं प्रसिद्ध झाली. शीर्षकांतील वर्ष अर्थात् 1793 : जानेवारींत राजा सोळाव्या लुईचा शिरच्छेद झाला, मार्चमध्यें पश्चिम फ्रान्सच्या व्हांदे प्रांतांतील शेतकरी राजाच्या व धर्माच्या नांवानें प्रजासत्ताकाविरुद्ध उठले, आणि दोन्ही पक्षांनीं कैद्यांस जीवदान न देण्याची प्रतिज्ञा केल्यासारखें युद्ध चालविलें. ह्यूगोस हा कलह केवळ ग्रंथांतून ठाऊक नव्हता. त्याचा पिता प्रजासत्ताकाच्या सैन्यांतून व्हांदेंत लढलेला, तर माता नांतकडची व राजपक्षाकडे कल असलेली. म्हणजे फ्रान्सचें भांडण त्याच्या घरांतच नांदत होतें. दुसरेंही एक कारण होतें. 1871 मध्यें पॅरिसचें कम्यून रक्तांत बुडविण्यांत आलें, तेव्हां पराभूतांस आपल्या ब्रुसेल्स येथील घरीं आश्रय देऊं असें ह्यूगोनें जाहीर केलें. परिणाम असा झाला कीं रात्रीं त्याच्या घरावर दगड पडले आणि बेल्जम सरकारनें त्यास देशाबाहेर घालविलें. दयेची भाषा बोलणाऱ्यास किंमत द्यावी लागते हा धडा गिरवून मग त्यानें ही कादंबरी लिहिली.

कथानक थोडक्यांत असें. वृद्ध मार्क्विस लांतनाक हा बंडाचा सेनापति. शूर, निष्ठावान् आणि निर्दय. त्याचा पाठलाग करणारा प्रजासत्ताकाचा तरुण सेनानी गोव्हेन हा त्याच्याच कुळांतील, त्याच्या भावाचा नातू. गोव्हेनवर देखरेख करण्यासाठीं पॅरिसहून पाठविलेला सिमूर्देन हा पूर्वाश्रमीचा पाद्री आणि गोव्हेनचा बाळपणचा गुरु. ज्यास घर नाहीं, संसार नाहीं, त्या विरक्तानें आपलें सारें वात्सल्य या एका शिष्यावर ओतलेलें आहे. आमच्या हरिभाऊंच्या 'उषःकाला'तही विजापूरकरांचा इमानी किल्लेदार पिता आणि स्वराज्याकडे ओढला जाणारा पुत्र असा घरांतील कलह आहेच. परंतु तेथें कोणता पक्ष न्याय्य हें वाचकास आरंभापासून ठाऊक असतें. ह्यूगोच्या वाचकासही तें ठाऊक असतें. मात्र न्याय्य पक्षच चुकूं लागला तर काय करावें, ही त्याच्यापुढील अडचण आहे.

कादंबरीच्या आरंभींचा तोफेचा प्रसंग जगप्रसिद्ध आहे. लांतनाकास घेऊन येणाऱ्या जहाजावर एका गोलंदाजाच्या हलगर्जीपणामुळें तोफ सुटते आणि पिसाळलेल्या जनावराप्रमाणें माणसें व फळ्या चिरडीत सुटते. तोच गोलंदाज जीव धोक्यांत घालून, लांतनाकाच्या साह्यानें, तिला आवरतो. लांतनाक त्याच्या छातीवर मानाचें पदक लावतो आणि दुसऱ्याच क्षणीं त्यास गोळी घालण्याची आज्ञा देतो. शौर्यास पारितोषिक व अपराधास शासन, दोन्ही चुकते! अनेक वाचक या प्रसंगाकडे नुसता थरार म्हणून पाहतात. आमच्या मतें संपूर्ण कादंबरीची किल्ली येथें आहे. अखेरीस प्रजासत्ताक गोव्हेनशीं जें वागतें तें अक्षरशः हेंच होय. त्याच्या विजयाबद्दल त्याची वाहवा होते आणि त्याच्या अपराधाबद्दल त्याचा शिरच्छेद होतो. राजाचा सेनापति आणि क्रांतीचा प्रतिनिधि यांच्या हातांतला तराजू एकच निघतो. क्रांतीनें सिंहासन पालथें घातलें, पण तराजू मात्र जुनाच ठेवला, असें ह्यूगो एक शब्दही न उच्चारतां सांगून जातो.

दुसरा प्रसंग याहूनही मार्मिक आहे. किनाऱ्यावर उतरलेल्या एकाकी लांतनाकास तेल्मार्श नांवाचा भिकारी आपल्या बिळासारख्या झोंपडींत लपवितो. कोणाचा पक्ष खरा हें त्यास ठाऊक नाहीं. दारीं आलेला जीव वांचवावा इतकेंच तो जाणतो. दुसऱ्या दिवशीं तोच लांतनाक जवळच्या वस्तींतील माणसांची कत्तल करवितो, बायकांनाही गोळ्या घालवितो आणि मिशेल फ्लेशार या विधवेचीं तीन लेंकरें ओलीस म्हणून नेतो. घायाळ मातेस पुन्हां तो भिकारीच उचलून आणतो व तिची शुश्रूषा करतो. पण आपण वांचविलेल्या माणसानेंच हें केलें हें कळल्यावर त्याच्या तोंडून निघणारा पश्चात्ताप वाचकाच्या काळजांत रुतून बसतो. जी दया परिणाम जाणत नाहीं तिचें मोल दुसऱ्याच कोणास तरी द्यावें लागतें. ज्या ग्रंथकारास भूतदयेचा भाबडा पुरस्कर्ता म्हणून हिणविण्यांत येतें, त्यानेंच हा प्रसंग लिहिला आहे, हें विसरतां कामा नये.

यानंतर ला तूर्गच्या गढीचा वेढा येतो. मुलें पुलावरील ग्रंथालयांत कोंडलेलीं आहेत आणि वेळ येतांच तें पेटवून द्यावयाचें असा बेत ठरलेला आहे. अशा वेळीं ह्यूगो युद्ध बाजूस सारून त्या तीन बालकांची एक संपूर्ण सकाळ वर्णितो : तीं खेळतात, बोबडें बोलतात, आणि एका दुर्मिळ प्राचीन ग्रंथाचीं पानें फाडून वाऱ्यावर उडवितात. युद्धकथेंत इतकें निर्मळ प्रकरण आम्ही क्वचितच वाचलें आहे. पुढें आग लागते. लांतनाक गुप्त मार्गानें सुटून गेलेला असतो. तोंच मातेचा आक्रोश त्याच्या कानीं पडतो. लोखंडी दाराची किल्ली त्याच्याच खिशांत असते. तो परत फिरतो, ज्वाळांत शिरतो, मुलांस एकामागून एक खालीं पोहोंचवितो, आणि स्वतः शिडीवरून उतरून शत्रूच्या स्वाधीन होतो. सिमूर्देन त्यास कैद करतो; गिलोटिन ठरलेलें.

येथें गोव्हेनची रात्र सुरू होते. ज्यानें परक्या लेंकरांसाठीं आपलें शिर देऊं केलें, त्याचें शिर क्रांतीनें उतरवावें काय? तसें केल्यास त्या एका घटकेपुरता राजपक्ष क्रांतीहून थोर ठरत नाहीं काय? उलट तो सुटला तर पुन्हां गांवें जळतील, हेंही गोव्हेन विसरत नाहीं. शेवटीं तो कोठडींत जातो, आपला झगा वृद्धाच्या अंगावर टाकतो, त्यास बाहेर लोटतो आणि स्वतः त्याच्या जागीं राहतो. पकडलेल्या बंडखोरास सोडणाऱ्यास देहान्त, असा कायदा आहे. तिघांच्या न्यायासनापैकीं एक मत मृत्यूचें पडतें; शिपाईगडी रादूबचें मत, रडून-ओरडून दिलेलें, मुक्ततेचें; आणि निर्णायक तिसरें मत सिमूर्देनचें. तें मृत्यूचें!

गोव्हेननें केलें तें योग्य कीं अयोग्य? यावर आमचें मत स्पष्ट सांगितलें पाहिजे. लांतनाकास सोडण्याचें सर्व मोल गोव्हेन स्वतःच्या पदरचें देऊं शकत नाहीं. त्याचें एक शिर पडलें म्हणून पुढें जळणाऱ्या झोंपड्यांचा हिशेब चुकता होत नाहीं. तेल्मार्शची कथा त्याच ग्रंथांत असतांना हें नाकारणें म्हणजे डोळेझांक होय. ह्यूगो पुढची गोष्ट सांगत नाहीं. लांतनाक अंधारांत निघून जातो आणि कादंबरी त्याच्याकडे वळूनही पाहत नाहीं. हा आमच्या मतें ग्रंथाचा खरा दोष आहे. तथापि तेल्मार्श आणि गोव्हेन यांत एक मोठा भेद आहे. भिकाऱ्यानें न जाणतां दया केली. सेनानीनें जाणून केली आणि तिच्यासाठीं पळ न काढतां दंड मागून घेतला. बलिदानानें कृत्य योग्य ठरत नाहीं. तें प्रामाणिक ठरतें. दुसऱ्याच्या खर्चानें उदार होणारे प्रत्येक काळांत पुष्कळ असतात. स्वतःस गहाण टाकून उदार होणारा विरळा.

सिमूर्देनकडेही अन्यायानें पाहूं नये. तो राक्षस नव्हे. अखेरच्या रात्रीं तो कोठडींत शिष्याजवळ बसतो, आणि दोघे उद्यांच्या प्रजासत्ताकाविषयीं, जणूं उद्यां दोघेही असणार आहेत अशा शांतपणें, बोलत राहतात. पहाटे सैनिक रडतात, गोव्हेनच्या जागीं स्वतःचें शिर देऊं करतात. सिमूर्देन कायद्याचीच आज्ञा देतो. पातें पडतें त्याच क्षणीं पिस्तुलाचा आवाज होतो. कायद्यास त्यानें शिष्य दिला, आणि ज्या हृदयानें तो दिला तेंही फोडून टाकलें. गोव्हेनचा मृत्यु मनुष्यतेसाठीं आहे. सिमूर्देनचा मृत्यु मनुष्यता नाकारणाऱ्याची अखेरची कबुली आहे.

दोष आणखीही आहेत. पॅरिसमधील राष्ट्रसभेचें वर्णन नामावळ्यांनीं जड झालें आहे. पात्रें पुष्कळदां माणसांऐवजीं तत्त्वांसारखीं बोलतात. सर्वांत खटकतें तें हें कीं जिच्या एका किंकाळीनें इतिहास फिरतो ती माता, मुलें हातीं पडतांच कथेंतून नाहींशी होते. तिला अश्रू दिले. विचार मात्र दिला नाहीं.

सोलापूर जिल्ह्यास क्रांति हा परका शब्द नाहीं. 1930 च्या मे महिन्यांत शहरांत गोळीबार झाला, चौक्या जळाल्या, पोलीसही मारले गेले, मार्शल लॉ पुकारला गेला. आणि 12 जानेवारी 1931 रोजीं मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन व श्रीकिसन सारडा हे चौघे येरवड्यास फांशी गेले. त्या कायद्याच्या तराजूंत दयेचें पारडेंच नव्हतें. पण याच जिल्ह्यानें दुसरीही एक क्रांति पाहिली आहे. माउलींची पालखी नातेपुतें, माळशिरस, वेळापूर करीत ज्या पंढरीस जाते, तेथील विठ्ठलमंदिर हरिजनांस खुलें व्हावें म्हणून 1947 च्या मे महिन्यांत साने गुरुजींनीं प्राण पणास लावून उपवास केला. ह्यूगोची दुसरी महान् कादंबरी 'दुःखी' या नांवानें मराठींत आणणारे हेच गुरुजी. उपवास हेंही एक दडपणच, असा आक्षेप घेतां येईल. तरी त्यांत शत्रूचें घर जळत नव्हतें आणि सुटलेला कोणी लांतनाक उद्यां दुसऱ्याच्या दारीं जाणार नव्हता. जें मोल होतें तें मागणाऱ्याच्याच देहावर होतें. गोव्हेनचा हिशेब जेथें अपुरा राहतो, तेथें पंढरपुरांत तो पुरा झाला, असें आम्ही समजतों.

म्हणून 'त्र्याण्णव' वाचावी ती फ्रान्सची बखर म्हणून नव्हे. आपल्या पक्षाच्या न्यायाविषयीं जेव्हां आपली पूर्ण खात्री असते, तेव्हांच ती हातीं घ्यावी. त्याच वेळीं तिची खरी गरज असते.