नावे कोणाची लक्षात राहतात?

रहस्यकथा आपण का वाचतो, याचे ठरलेले उत्तर असे : भीती अनुभवायची, पण सुरक्षित अंतरावरून. मला ते अपुरे वाटते. शरदिंदु बंद्योपाध्यायांचा ब्योमकेश स्वतःला डिटेक्टिव्ह म्हणवून घेत नाही, ‘सत्यान्वेषी’ म्हणवतो. या प्रकारच्या कथेने वाचकाला दिलेले वचन त्या एका शब्दात आहे : दुष्कृत्य आपली खूण मागे ठेवतेच आणि नीट पाहणाऱ्याला ती सापडते. बाबूराव अर्नाळकरांच्या हजाराहून अधिक कथा वाचणाऱ्या मराठी वाचकालाही हाच दिलासा हवा होता.

खऱ्या गुन्ह्यांच्या पुस्तकांतही आपण तीच खूण शोधत असतो. पुण्यातल्या जोशी-अभ्यंकर खून खटल्यातील मुनव्वर शाह याचे ‘येस, आय ॲम गिल्टी’ मी एकाहून अधिक वेळा वाचले आहे. खुनी कोण, हे शीर्षकच सांगून टाकते. तरी पुस्तक खाली ठेवता येत नाही, कारण ‘कोणी केले?’ या प्रश्नाच्या जागी ‘हे असे कसे झाले?’ हा प्रश्न येतो. कलामहाविद्यालयातले चार विद्यार्थी, १९७६-७७ मध्ये दहा खून, १९८३ मध्ये येरवड्यात चौघांना फाशी. त्यांना आधीच ओळखता आले असते, असे काहीतरी मला त्या पानांत हवे असते. ते सापडत नाही. कबुली म्हणजे उकल नव्हे.

पण या पुस्तकाची खरी अडचण त्याच्या प्रथमपुरुषी निवेदनात आहे. ‘मी’ म्हणणारा मारेकरी आहे, त्यामुळे वाचक दाराबाहेरून त्याच्याबरोबर आत शिरतो. आत बसलेल्यांच्या बाजूने दाराकडे पाहण्याची सोय या रचनेत नाही. त्याच्या पश्चात्तापावर मी विश्वास ठेवतो, आणि तिथेच फसतो : सहानुभूतीचा सगळा साठा ‘मी’वर खर्च होतो.

अभ्यंकरांच्या घरी त्या रात्री पाच जण मारले गेले. काशिनाथशास्त्री अभ्यंकर हे संस्कृत व्याकरणाचे पंडित. १९६१ मध्ये बडोद्याहून निघालेला त्यांचा व्याकरणकोश भारतभरचे अभ्यासक आजही उघडतात. त्यांच्या पत्नी, नातू, नात आणि घरात काम करणारी एक स्त्री हे बाकीचे चौघे. खटल्याला मृतांची आडनावे मिळाली, पण लोकांच्या तोंडी राहिला तो जक्कल. या प्रकरणावरच्या चित्रपटाचे नावही ‘माफीचा साक्षीदार’.

म्हणून गुन्हेकथनाची माझी कसोटी साधी आहे : पुस्तक मिटल्यावर मेलेल्यांविषयी मला काय ठाऊक झाले? या कसोटीवर शाहचे पुस्तक उतरत नाही. पण वाचक म्हणून मी तरी कुठे उतरतो? हे लिहायला बसलो तेव्हा चारही मारेकऱ्यांची नावे ओठांवर होती. त्या काम करणाऱ्या बाईंचे नाव आठवेना.