ब्रेकमधला माणूस

जयंत पवारांचं ‘अधांतर’ मी दुसऱ्यांदा वाचलं ते माझ्या ऑफिसात माणसं कमी करायला सुरुवात झाली तेव्हा. दिवाळीला परभणीला आलो तर पुस्तक बॅगेतच होतं. चुलतभावाने ते उचललं आणि दोन रात्रींत संपवलं. त्याला वेळ होता. वाळूजला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तो कंत्राटावर आहे, आणि तेव्हा ‘ब्रेक’वर होता. पुस्तक परत देताना म्हणाला, “दादा, ह्या लोकांचं काय गेलं ते ह्यांना माहीत तरी हाय. आमचं काय जाणार, तेच कळंना.”

या वाक्याने मला नाटकाकडे पुन्हा बघायला लावलं.

18 जानेवारी 1982 ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. ‘अधांतर’मध्ये त्या संपाने मोडलेलं एक घर आहे. चाळीतली खोली, आई, आणि वेगवेगळ्या दिशांना फुटलेली मुलं: एकाला लेखक व्हायचंय, एक क्रिकेटमध्ये हरवलाय, एक टोळीत गेलाय. पवार घोषणा बाजूला ठेवतात आणि बेकारी घरातल्या बोलण्यात आणतात. कोण कमावतो, कोण फुकट खातो, कोण कुणाला टोचून बोलतो, यातून संपाचा हिशोब लागत जातो. मला आजही नाटकाची खरी ताकद इथेच वाटते.

पण या शोकांतिकेला एक पाया आहे. आधी काहीतरी होतं. गिरणी होती, युनियन होती, चाळ होती. गिरणीत सगळेच कायम नव्हते हे खरं. बदली कामगार रोज सकाळी गेटवर उभा राहायचा, आज काम मिळेल की नाही हे त्याला ठाऊक नसायचं. तरी तो त्याच वस्तीत राहायचा, म्हणून त्याची गोष्ट शेजाऱ्यांना माहीत होती.

वाळूजच्या पोराला तीही सोय नाही. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याने वर्षात 240 दिवस काम केलेल्याची सेवा सलग मानली. त्याला काढायचं तर नोटीस आणि दर वर्षामागे 15 दिवसांची सरासरी मजुरी द्यावी लागे. यातून सुटायची वाट म्हणजे ब्रेक. सात महिने भरले की घरी जा, नंतर नव्या ठेकेदाराच्या नावाने नवं कार्ड. काम तेच, मशीन तेच. याला कुणी कपात म्हणत नाही. जनरल मोटर्सने तळेगावचं उत्पादन डिसेंबर 2020 मध्ये थांबवलं, तेव्हा निदान बातमी झाली, कामगार कोर्टात गेले. कपातीच्या यादीत यायला आधी हजेरीपटावर नाव असावं लागतं.

म्हणून ‘अधांतर’चा साचा इथे पुरत नाही. त्याला एक घटना लागते, आधी आणि नंतर लागतं. भावाच्या आयुष्यात घटनाच नाही, फक्त तेच तेच पुन्हा येतं. शिवाय त्याची एक खोलीही नाही. वाळूजला पाच जणांत भाड्याची रूम, गावाकडे वडिलांचं कोरडवाहू रान.

आमच्या जिल्ह्याचं साहित्य त्याला धरून ठेवेल असं वाटलं होतं. आसाराम लोमटे यांच्या ‘आलोक’ला 2016 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. गावातली सत्ता आणि नाडलेली माणसं त्यांच्याइतक्या बारकाईने फार थोड्यांनी लिहिली. पण एकूण आपली ग्रामीण कथा बसस्टँडवर पोराला निरोप देते आणि कामगारांचं साहित्य गिरणगावात सुरू होतं. मधल्या रेल्वेच्या डब्यात भाऊ बसलाय.

त्याच्यावर लिहायचं तर एका रात्रीचं नाटक नको, लांबत जाणारी कादंबरी हवी, जिच्यात तोच माणूस दर काही प्रकरणांनी नव्या कार्डासह परत येतो आणि दर खेपेला थोडा कमी बोलतो. मी हे लिहू शकेन असं नाही. माझ्या नोकरीलाही धोका आहे, पण मला निदान मेल येईल, नोटीस पिरियडचा पगार मिळेल. त्याची भीती माझीच आहे असं म्हणणं खोटं ठरेल.

तुळशीच्या लग्नानंतर त्याला फोन आला. मराठवाडा एक्सप्रेसने गेला. जाताना पुस्तक मागून घेतलं. रूमवरच्या एकाला वाचायचंय म्हणाला.