विंटेज गाडीपुढची पाटी

विंटेज गाड्यांचं प्रदर्शन बघायला गेलात तर मोबाईल काढण्याआधी गाडीपुढची पाटी वाचा. कंपनी, मॉडेल, साल, मालकाचं नाव. बस्स. गाड्या देखण्या असतात, त्याबद्दल वादच नाही. लांबलचक बॉनेट आणि मडगार्डची ती वळणं बघून मीही रेंगाळतो. पण प्रदर्शन म्हणून बघाल तर इथे फार मोठा इतिहास गाळलेला आहे.

आधी 'विंटेज' हा शब्दच घ्या. हौशी मंडळींच्या रूढ वर्गवारीत १९१९ ते १९३० मधल्या गाड्या विंटेज. आपल्या २०२१ च्या केंद्रीय नियमात मात्र पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली, बिगर-व्यावसायिक गाडी विंटेज. म्हणजे कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनलेली १९७० ची फियाट सरकारी व्याख्येत बसू शकते, हौशी व्याख्येत नाही. थीसिसमध्ये 'विंटेज' असं नुसतं लिहिलंत तर गाईड पहिला लाल शेरा इथेच मारणार.

खरा घोळ पुढे आहे. गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको, असं नियम म्हणतो. प्रदर्शनातली दादही याच कसोटीवर मिळते. आता बघा, नवा रंग, नवं क्रोम, नव्या सीटा, मिस्त्रीने हाताने ठोकून बसवलेला पत्रा, तरी ती 'ओरिजिनल', कारण ती कारखान्यातून आल्यासारखी दिसते. आणि पेट्रोल परवडेना म्हणून डिझेल इंजिन बसवलेली अ‍ॅम्बेसेडर? ती बाद. म्हणजे गाडी जितकी खरोखर जगली, तितकी ती कमअस्सल! मला हे पटत नाही.

इगोर कोपिटॉफ या मानववंशशास्त्रज्ञाचा १९८६ चा एक निबंध इथे उपयोगी पडतो. वस्तूंनाही चरित्र असतं, हे सांगताना त्याने उदाहरण घेतलं ते आफ्रिकेतल्या मोटारीचं. पैसे कसे उभे केले, गाडीत नेहमी कोण बसतं, मालकाचं मेकॅनिकशी नातं कसं आहे, शेवटी सांगाड्याचं काय होतं, हे प्रश्न विचारा म्हणतो. तो निबंध ज्या ग्रंथात आहे, त्याचे संपादक अर्जुन अप्पादुराई मूळचे मुंबईचे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीला हे प्रश्न लावून बघा. २०२३ च्या ऑक्टोबरात ती टॅक्सी म्हणून रस्त्यावरून गेली. तिचे छतावरचे कॅरिअर आणि गॅरेजात झालेली डागडुजी हीच तर तिची कागदपत्रं. 'ओरिजिनल' करायच्या नादात ती पुसली की पुरावा संपला.

मॉडिफाइड गाड्यांचा कोपरा जाणकारांना थिल्लर वाटतो. नोंदणीतल्या मूळ तपशिलांशी न जुळणारे बदल चालणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलंय, ते वेगळंच. पण तिथे निदान 'हे मी बदललं' असं उघड सांगतात.

तेव्हा पाटी वाचून झाली की बॉनेटपाशी फडकं घेऊन उभ्या असलेल्या मिस्त्रीशी बोला. कार्ब्युरेटर लावायला तो कुणाच्या हाताखाली शिकला, इथून सुरुवात करा. मालक मध्येच उत्तर द्यायला लागले, तर तेही वहीत टिपून ठेवा.